साठा उत्तरांची कहाणी आणि ऐनवेळचे गरुड

जाडजूड फॅन्टसी मालिका वाचणाऱ्या-बघणाऱ्या मंडळींनो, एक विचारायचंय. हजारो पानं वाचून झाल्यावर शेवटी लेखकाने नुसती गुंडाळागुंडाळी केली म्हणून पुस्तक भिरकावलंय का कधी? किंवा उलट, शेवट इतका चपखल बसला की रात्री दोनला कुणाला तरी उठवून सांगावंसं वाटलं? लिहा इथे. शेवट फुटणारच आहेत, ज्यांना चालणार नाही त्यांनी इथूनच मागे फिरा.

माझ्यापासून सुरुवात करतो. २०१९, गेम ऑफ थ्रोन्स, आठवा सीझन, तिसरा भाग. सोमवारी ऑफिसला दांडी मारून बसलो आणि दहाव्या मिनिटाला उठून खिडकीच्या पडद्यांवर चादर टांगली, कारण स्क्रीनवर काळ्यावर काळं एवढंच दिसत होतं. आर्या या मुलीने मढ्यांच्या राजाला, नाइट किंगला मारलं त्याबद्दल माझी तक्रार नाही बरं का. एका हातातून खंजीर सोडून दुसऱ्या हातात झेलायची तिची ट्रिक सातव्या सीझनमध्ये ब्रिएन या योद्धा बाईशी सराव करताना दाखवलेली होती. पण अगदी पहिल्या सीझनच्या पहिल्या सीनपासून ज्यांची भीती घातली ती मढ्यांची फौज एका रात्रीत खलास आणि पुढचे तीन भाग खुर्चीची भांडणं? पंगतीत जिलबीची वाट बघत बसावं आणि ताक वाढून पान उचलावं तसं झालं.

*

धागा मस्त. माझी गोष्ट जरा वेगळी आहे. लॉर्ड ऑफ द रिंग्जचा तिसरा भाग मी कॉलेजात असताना गावच्या वाचनालयातून आणला होता, प्रत इतकी जुनी की माउंट डूम या ज्वालामुखीचं प्रकरण संपतं तिथून पुढची पानंच गायब. म्हणजे अंगठीला हपापलेला गॉलम तिच्यासकट आगीत पडला, डोंगर फुटतोय, ती नष्ट करायला आलेला फ्रोडो त्याच्या सोबत्याला, सॅमला म्हणतो की सगळं संपायच्या वेळी तू इथे माझ्यासोबत आहेस याचं बरं वाटतंय. संपलं! मला वाटलं पुस्तकच इथे संपतं. दोघं तिथेच गेले असं मी कितीतरी वर्षं धरून चाललो होतो आणि खरं सांगतो, मला तो शेवट प्रचंड आवडला होता. मग सिनेमा आला आणि धुरातून गरुड उतरले, थिएटरात लोक डोळे पुसतायत आणि मी एकटा चिडलोय की अरे हे कुठून आले मध्येच!

नंतर अख्खं पुस्तक विकत घेऊन वाचलं तेव्हा राग थोडा निवळला. गरुड काही फुकटात आलेले नव्हते, गँडाल्फ या जादूगाराला ऑर्थँकच्या मनोऱ्यावरून त्यांनी आधी सोडवलेलं होतंच. आणि लेखक टॉल्किनलाही ते टोचत असणार, कारण १९५८ च्या एका पत्रात त्याने स्वतःच लिहिलंय की गरुड हे धोकादायक यंत्र आहे, आपण ते जपून वापरलं. गॉलमचं मात्र बघा. योगायोगाने पाय घसरून पडला, म्हटलं तर शुद्ध नशीब. पण त्याला अंगठीच्या आधीच्या मालकाने, बिल्बोने सोडला, फ्रोडोने सोडला, अगदी शेवटी डोंगराच्या उतारावर सॅमचा हात तलवारीवर असताना त्यानेही सोडला, आणि म्हणून तो तिथे होता.

*

वरच्या गॉलमला +१

आमच्याकडे हॅरी पॉटर. लेक नऊ वर्षांचा असताना रोज रात्री एक प्रकरण वाचून दाखवायचे. दुसऱ्या पुस्तकात तळघरात फीनिक्स येतो, टोपी आणतो, टोपीतून तलवार निघते, जखमेवर पक्ष्याचे अश्रू पडून विष उतरतं, मी मनात म्हणतेय की काय हे, देव पावला एकदम. तर हा पांघरुणातून उठून ओरडला, "आई, डम्बलडोअरने सांगितलं होतं की!" मागे जाऊन बघितलं तर खरंच, मुख्याध्यापक डम्बलडोअरच्या ऑफिसमधल्या भेटीत तीनच गोष्टी सांगितल्यात, हे पक्षी भारी ओझं उचलतात, अश्रूंनी जखमा भरतात आणि फार इमानी असतात, आणि शेवटी तिन्ही वापरल्यात. मी वाचताना जांभई देत होते बहुतेक.

सातव्या पुस्तकातली ती एल्डर वाँड, सगळ्यात ताकदवान कांडी, मात्र मला अजून पटलेली नाही. हॅरीचा शाळेतला वैरी ड्रेकोने डम्बलडोअरची ती कांडी उडवली म्हणून तो मालक, मग हॅरीने ड्रेकोच्या हातातून त्याची दुसरीच कांडी हिसकावली म्हणून आता हॅरी मालक. नवऱ्याने कागदावर बाण काढून समजावलं. आणि हे सगळं खलनायक व्होल्डेमॉर्टसमोर उभं राहून हॅरी भाषण देऊन सांगतो! सातबाऱ्यावरचे फेरफार वाचतोय जणू.

*

सातबारा :D :D

*

आपल्याकडे तर याची म्हणच झालीये, हा सूर्य आणि हा जयद्रथ. लहानपणी आजोबा सांगायचे तेव्हा मी विचारायचो की कृष्णच सूर्य झाकणार तर अर्जुनाच्या प्रतिज्ञेला काय अर्थ? आजोबा म्हणायचे गप झोप. पुढे कळलं की भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीच्या मूळ पाठात तो सूर्य झाकण्याचा प्रसंग घेतलेलाच नाही, म्हणजे मागाहून कुणाला तरी चमत्कार हवासा वाटला असावा. उलट कर्णाचं चाक घ्या. ऐन युद्धात चाक रुततं, अस्त्र आठवत नाही, सांगून खोटं वाटेल असं, पण दोन्ही शाप आधीच बसलेले. तिथे मी कधीच काही विचारलं नाही, फक्त रडायचो.

*

व्हील ऑफ टाइम कुणीच कसं नाही काढलं? होस्टेलला सुरू केली, मध्येच २००७ ला लेखक रॉबर्ट जॉर्डन गेले, म्हटलं झालं, आता हे लटकणार. ब्रँडन सँडरसनने पुढची तीन पुस्तकं लिहून २०१३ ला चौदावं आणलं तेव्हा माझं लग्न होऊन मुलगा रांगत होता. जवळजवळ दोनशे पानांचं एकच युद्धाचं प्रकरण आहे त्यात, बाळाला मांडीवर हलवत हलवत वाचलं. अगदी शेवटी नायक रँड नुसत्या विचाराने पाइप पेटवतो, कसा ते त्यालाही माहीत नाही आणि कुणी सांगतही नाही. दुसऱ्या कुणी केलं असतं तर शिव्या घातल्या असत्या. पण तो शेवट जॉर्डन स्वतः लिहून गेले होते हे माहीत होतं, त्यामुळे माझं काही वाकडं बोलायचं धाडस नाही.

सँडरसनचं स्वतःचं मिस्टबॉर्न वाचलं नसेल तर वाचाच. दुसऱ्या पुस्तकाच्या अगदी सुरुवातीला कुणीतरी लिहिलेलं असतं की मी हे पोलादावर कोरतोय कारण धातूवर नसलेल्या शब्दांचा भरवसा नाही. मला वाटलं असंच, वातावरणनिर्मिती. तिसऱ्या पुस्तकात त्याचा अर्थ लागला तेव्हा लोकलमध्ये होतो, माझं स्टेशन गेलं.

*

मी शेवटची दोन पानं आधी वाचते. हसा खुशाल.

*

सगळे नशीबवान आहात, तुमच्याकडे आवडायला नावडायला शेवट तरी आहे. गेम ऑफ थ्रोन्स ज्यावरून निघालं त्या मार्टिनच्या मालिकेचं पाचवं पुस्तक २०११ ला आलं तेव्हा लेक बालवाडीत होती. आता ती कॉलेजला आहे आणि परवा पाचही संपवून मला विचारतेय, "बाबा, सहावं कुठे ठेवलंय?"