पुणे–चिपी विमान: अंतर २९० किमी, मग तिकिटावर तासाच्या वर का?

कोथरूडकर_मूळचा_मालवण
गणपतीला आईबाबांना गावी पाठवायचंय. बाबांचे गुडघे दुखतात, आठ-नऊ तास गाडीत बसवत नाही त्यांना, म्हणून पुणे–चिपी (सिंधुदुर्गातलं विमानतळ) विमान बघतोय. एका साईटवर अंतर साधारण २९० किमी आणि वेळ ३५ मिनिटं दाखवतंय, तिकिटाच्या पानावर मात्र १ तास ५ मिनिटं. नक्की काय धरायचं? आणि घर ते घर किती लागेल?

झील_देवबागचो
अरे ता २९० म्हणजे नकाशार पट्टी ठेवन काढलेला अंतर. विमानाक फोंडाघाट नाय, गगनबावडो नाय, म्हणान कमी दिसता. तिकिटावरचोच टायम धर.

एटीआर_फॅन
३५ मिनिटं हा नुसता भागाकार आहे, २९० भागिले ५००. या रूटला एटीआर ७२ असतं, पंखेवालं, ते ताशी ५०० च्या आसपास जातं पण वर पोचल्यावर, आणि एवढ्याशा पल्ल्यात वर पोचेपर्यंत उतरायची तयारी सुरू होते, म्हणजे पूर्ण स्पीडने फार थोडा वेळ. शिवाय तिकिटावरची वेळ पुण्यात जागेवरून हलल्यापासून चिपीत उभं राहेपर्यंतची असते. पुण्याचं लोहगाव विमानतळ एअरफोर्सचं, रनवे त्यांचा, थांबा म्हटलं की थांबायचं. चिपीला गर्दी नाही, पण तिथली धावपट्टी पूर्व-पश्चिम आणि तुम्ही येणार उत्तरेकडून, त्यामुळे वळसा घेऊन लायनीत यावंच लागतं.

कोथरूडकर_मूळचा_मालवण
ओके, हे वळशाचं डोक्यातच आलं नव्हतं. गोव्यातल्या मोपा विमानतळाला उतरवलं तर? तिथे विमानं जास्त आहेत.

वेंगुर्ल्याची_सून
नका. मोपा ते चिपी हवेतून ४५-५० किमीच आहे पण मोपाहून मालवण रस्त्याने दोन तास धरा, गणपतीत हायवेला गाड्या किती असतात माहितीये ना. चिपीहून तासाच्या आत घर. कोथरूड ते लोहगाव तास-दीड तास, दोन तास आधी पोचा, विमानाचा तास आणि पुढचं धरून पाच-साडेपाच तास सहज जातात. आणि मेन म्हणजे एटीआरला मागच्या दाराने पायऱ्या चढाव्या लागतात, व्हीलचेअर बुकिंग करतानाच मागा, आयत्या वेळी धावपळ होते. विमान रोज असेलच असं नाही, वार बघून घ्या. पावसात ढग खाली आले की उशीर नाहीतर कॅन्सल, त्यामुळे चतुर्थीच्या आदल्या दिवशीचं तिकीट अजिबात काढू नका, दोन-तीन दिवस आधीचं काढा.

झील_देवबागचो
आणि चिपीक गाडी आधीच सांगान ठेव. भायर रिक्षा गावतलीच असा नाय.