उत्तर: मोरजोडीच्या चादरीवरचं गाणं

सोलापुरी चादरीवरच्या मोरजोडीवरून सुचलेलं, गिटारवरचं तुमचं प्रेमगीत ऐकलं. त्यावर कुणी दिलेला 'गाणं रिकामं वाटतं, तबला आणि बासरी घाला' हा सल्ला मला पटला नाही. चार ओळी आणि एक गिटार एवढ्यावर प्रेमगीत छान उभं राहतं. कडव्यांमधली जागा मात्र खरंच लांबली आहे. मिनिटाला ६० मात्रांच्या (ठोक्यांच्या) दादऱ्यात, म्हणजे सहा मात्रांच्या तालात, एक आवर्तन (तालाचा एक फेरा) ६ सेकंदांचं, अशी चार म्हणजे २४ सेकंद तीच तार वाजते. दोन आवर्तनं पुरेत. गाण्यातल्या 'उलट' शब्दात 'उ' समेवर (आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर) धरून ताणलाय, त्यामुळे कानाला 'ऊलट' ऐकू येतं. 'उ' सहाव्या मात्रेवर घेऊन सोडा आणि 'ल' समेवर येऊ द्या, चाल न बदलता शब्द सरळ होईल.

आता ज्या सोलापुरी चादरीवरून हे सुचलं तिच्याबद्दल, कारण ते इथे कुणी बोललेलं नाही. जकार्डवरची, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागावरची, ही दुहेरी वीण. दोन रंगांचे थर नक्षीच्या कडेला जागा बदलतात, म्हणून पुढे लाल जमिनीवर पांढरा मोर असेल तर मागे पांढऱ्यावर लाल. चादरीला वाया जाणारी बाजूच नसते! गाण्यात दोन्ही कडवी 'तो' 'ती'कडे बघतो अशीच आहेत. दुसऱ्या कडव्यात तेच शब्द ठेवून फक्त 'मी' आणि 'तू' यांची अदलाबदल करून बघा, शेवटची ओळ तिच्या तोंडी येऊ दे. एकही वाद्य न वाढवता गाणं भरेल. आणि गाण्यातला 'रेशमी धागा' काढा हो, ती चादर सुती आहे.