वेब प्रोग्रामिंग शिकायला लागलोय, खरं सुरुवातच कळेना

नंदगडचा_पोरगा
नमस्कार. मी खानापूर तालुक्यातला, बी.कॉम. झालोय. घरी काजू फोडायचं छोटं युनिट हाय. गिऱ्हाईकं रोज फोन करून विचारतात, २४० कितीला, ३२० कितीला (हे काजूच्या आकाराचे नंबर). म्हटलं एक पान बनवून दर त्यावरच टाकावेत. म्हणून बेळगावात एक क्लास लावलो. खरं तिथं पहिल्याच दिवशी रिॲक्ट, म्हणजे वेबपानं बनवायचं पुढचं साधन, सुरू केले. सर भराभर टाईप करतात, आम्ही फळ्याचे फोटो काढतो. फी भरून झालीय, आता सोडवेना पण. माझे प्रश्न साधे हैत. इंटरनेट आणि वेब एकच काय? हे सुरू कुणी केलं? जावास्क्रिप्टच्या आधी जावा शिकावं लागतं काय? पहिलं काय धरू? कुणीतरी मराठीत सांगा की.

शहापूर_डीटीपी
फोटो काढून कोड येत नाही बाबा. मोबाईलवरून लिहितोय, तेव्हा टॅग, म्हणजे कोडातल्या खुणा, तोंडानं म्हणतो तसेच लिहितो.

रस्ता वेगळा, गाडी वेगळी. निपाणी रस्त्यावर महाराष्ट्राची एसटी धावते, कर्नाटकाची बस धावते, वडापही धावतं. तसं इंटरनेट हा रस्ता. ईमेल ही एक गाडी, वेब ही दुसरी. रस्ता आधीचा आहे. १ जानेवारी १९८३ ला अर्पानेट या अमेरिकेतल्या जुन्या नेटवर्कनं टीसीपी-आयपी हे नियम घेतले, तेव्हा वेबचा पत्ताही नव्हता.

वेब आलं जिनिव्हाजवळच्या सर्न या प्रयोगशाळेतून. तीही आपल्यासारखी सीमाभागातलीच बरं का, एक पाय स्वित्झर्लंडात, एक फ्रान्सात. जगभरचे लोक तिथं दोन-चार वर्षांसाठी येत नि जात. प्रत्येकाचा कॉम्प्युटर वेगळा. माहिती कुठं ठेवलीय हे जाणणारा माणूस गेला की माहितीही गेली. टिम बर्नर्स-ली नावाच्या इंग्रज प्रोग्रामरनं मार्च १९८९ मध्ये यावर एक टिपण साहेबांना दिलं. साहेबांनी, म्हणजे माईक सेंडॉल यांनी, वर शेरा मारला, त्याचा अर्थ साधारण 'मोघम, पण भन्नाट'. १९९० संपेपर्यंत त्यानं पहिला सर्व्हर (पानं पुरवणारा) आणि पहिला ब्राउझर (पानं दाखवणारा) चालवून दाखवला.

त्यात तीनच गोष्टी होत्या. पत्ता, म्हणजे यूआरएल. मागायची रीत, म्हणजे एचटीटीपी. लिहायची रीत, म्हणजे एचटीएमएल. सुरुवातीला मागणी एका ओळीची असायची: 'गेट' म्हणायचं, पुढं पत्ता. सर्व्हर पान पाठवणार आणि लाईन कट. तुझं गिऱ्हाईक '३२० कितीला?' विचारतं, तू दर सांगून फोन ठेवतोस, अगदी तेच. आणि पुन्हा फोन आला की कोण बोलतंय ते पहिल्यापासून विचारायचं. कुकी, म्हणजे ब्राउझरजवळ ठेवलेली ओळखीची चिठ्ठी, नंतर आली ती यासाठीच.

मला सगळ्यात उशिरा कळलं ते पत्त्याचं. १ नोव्हेंबर २०१४ ला शहराचं सरकारी नाव बेळगावी झालं. एका गिऱ्हाइकाची चाळीसेक पानांची साईट मी केली होती. ते म्हणाले, सगळीकडे नवीन नाव पाहिजे. मी एका दमात शोधा-बदला मारला. पानांत लिहिलेले फोटोंचे पत्ते बदलले, फाईलींची नावं जुनीच राहिली. सगळे फोटो गायब, लोगोसकट! घाबरून फाईलींचीही नावं बदलली. फोटो आले, पण बाहेरच्या ज्या साईटींनी आमच्या जुन्या पानांच्या लिंका दिल्या होत्या, तिथून येणाऱ्याला ४०४, म्हणजे 'पान सापडत नाही'. मग दोन रात्री बसून प्रत्येक जुन्या पत्त्यावर ३०१ लावला, म्हणजे सर्व्हरनं सांगायचं की घर हललंय, इकडे जा. चांगले पत्ते बदलत नसतात, असं बर्नर्स-लींनी १९९८ मध्येच लिहून ठेवलं होतं. मी वाचलं नव्हतं. (गावाच्या नावावरून इथं वाद नको. त्याला वेगळा धागा आहे, तो अजून संपायचाय.)

खरी गंमत ही की लिंक द्यायला समोरच्याची परवानगी लागत नाही. म्हणून लिंका तुटतात, आणि म्हणूनच वेब एवढं पसरलं. त्यात ३० एप्रिल १९९३ ला सर्ननं हे सगळं जगाला फुकट देऊन टाकलं.

आता तू नोटपॅड उघड. एच-वन या मथळ्याच्या टॅगमध्ये युनिटचं नाव, खाली टेबल. टी-आर म्हणजे ओळ, टी-डी म्हणजे खाना. २१०, २४०, ३२०, पाकळी, तुकडा. फाईल एचटीएमएल म्हणून सेव्ह कर, डबल क्लिक कर. नंतर सीएसएस, म्हणजे पानाचं रंगरूप, मग जावास्क्रिप्ट, म्हणजे पानाला हलतं-बोलतं करणारी भाषा. रिॲक्ट दिवाळीनंतर.

वैशाली_टिळकवाडी
काका जावाचं विसरले. दोघींचा संबंध नावापुरता. नेटस्केप या ब्राउझर कंपनीत ब्रेंडन आइकनं मे १९९५ मध्ये दहा दिवसांत जावास्क्रिप्टचा पहिला नमुना केला. आधीचं नाव मोका, मग लाईव्हस्क्रिप्ट. तेव्हा जावाची हवा होती, म्हणून शेवटी हे नाव. जावा न शिकता खुशाल पुढं जा.

आणि मराठी युनिकोडमध्येच (प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक देणारी पद्धत) टाईप कर, काकांच्या दुकानातल्या जुन्या फॉन्टमध्ये नको. त्या फाईलीत खरी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असतात, वर फक्त मराठीचा मुखवटा. ज्या फोनवर तो फॉन्ट नाही तिथं नुसता कचरा दिसतो. वर हेडमध्ये मेटा टॅगात कॅरसेट यूटीएफ-८ लिहायला विसरू नको, त्यावरून ब्राउझरला अक्षरं कशी वाचायची ते कळतं.

शहापूर_डीटीपी
बरोबर आहे बाई. त्या फॉन्टमध्ये केलेल्या लग्नपत्रिका अजून माझ्याकडे आहेत, माझ्याच नव्या कॉम्प्युटरवर उघडत नाहीत.

नंदगडचा_पोरगा
केलो! पहिल्यांदा सगळी अक्षरं वेडीवाकडी आली. ताईंनी सांगितलेली ओळ घातलो, बरोबर झालं. टेबल पण दिसतंय. बाबांना दाखवलो, तर म्हणाले ३२० चा दर मागच्या आठवड्यातला हाय. लगेच बदललो. खरं आता पत्ता कॉपी करून चुलत्याला व्हॉट्सॲपवर पाठवलो, तर त्याच्या फोनवर काहीच उघडेना.

शहापूर_डीटीपी
कसं उघडेल? फाईल तुझ्या घरातल्या कॉम्प्युटरवर आहे, पत्ता पण तिथलाच. ती कायम चालू असणाऱ्या मशीनवर ठेवावी लागते, तोच सर्व्हर. बर्नर्स-लींच्या नेक्स्ट नावाच्या कंपनीच्या कॉम्प्युटरवर लाल शाईनं लिहिलेली चिठ्ठी चिकटवलेली होती: हे मशीन सर्व्हर आहे, बंद करू नका. नंदगडात लाईटीचा भरवसा नाही, तेव्हा होस्टिंग, म्हणजे दुसऱ्याच्या सर्व्हरवर जागा, घेऊ, तुझ्या एका पानाला फुकटचंही चालेल. पेन ड्राइव्ह घेऊन दुकानात ये. रविवारी बंद असतं.