फोटोत पासवर्ड लपवायचे म्हणे!

पामबीचवाला: काल इथे कुणीतरी ठोकून दिलं, "बँकेचे पासवर्ड गणपतीच्या फोटोत लपवा, फुकट सॉफ्टवेअर मिळतं, बापजन्मात कुणाला सापडणार नाहीत." अहो, ही चावी पायपुसण्याखाली ठेवण्यातली गत! फोटोतल्या प्रत्येक ठिपक्याच्या, म्हणजे पिक्सेलच्या, लाल-हिरव्या-निळ्या आकड्यांचा शेवटचा बिट (० किंवा १) बदलतात, डोळ्याला फरक कळत नाही, बास. हजार बाय हजारच्या फोटोत असे ३० लाख बिट, म्हणजे ३७५ केबी मावतात. पण संशय आलेला माणूस आकड्यांचा पॅटर्न तपासून शोधतोच.

ऐरोलीकर: ठोकून देणारा मीच. ते सॉफ्टवेअर, स्टेगहाइड, कधी उघडून तरी बघितलंत? ते आधी एन्क्रिप्ट करतं, म्हणजे मजकुराला कुलूप लावतं, मग लपवतं. कुलूप दिसलं की चौकशा करणारे शंभर, गणपतीच्या फोटोला कोण विचारतंय?

पामबीचवाला: २०१० साली अमेरिकेत धरलेले रशियन हेर पण फोटोतच लपवायचे. झडतीत २७ अक्षरांचा पासवर्ड कागदावर लिहिलेला मिळाला!

ऐरोलीकर: मग कागद फितूर झाला, सॉफ्टवेअर नाही. स्वतःच्याच मुद्द्यावर आपटलात.

तलावपाळीची काकू: आमच्या ह्यांनी एफडीचे नंबर माथेरानच्या फोटोत लपवून मुलाला चॅटवर पाठवले. चॅटवर फोटो दाबून बारीक होतो, मग ते शेवटचे बिट राहतात कुठले? ह्यांचं ऑपरेशन, पैसे भरायचेत, मी घोडबंदरला अडकलेली आणि मुलगा फोनवर ओरडतोय "आई, यातून काहीच निघत नाही". शेवटी नंबर मिळाले किराण्याच्या वहीत, मागच्या पानावर, माझ्याच अक्षरात.

कोपरखैरणे_लोकल: घोडबंदरचं नाव काढू नका, परवा गायमुखला दीड तास होतो.

मानपाडा७७: दीड तास? नशीबवान आहात. वर्षानुवर्षं मेट्रोचे खांब बघतोय, पोरगं दहावीला गेलं.

कोपरखैरणे_लोकल: तरी फ्लॅट तिकडेच घेता ना? आमच्याकडे या म्हटलं की "वाशी लांब पडतं". ट्रान्सहार्बरला, ठाणे-वाशी लोकलला, बसा की जरा!

मानपाडा७७: ठाण्याला दहा नंबरच्या फलाटावर चढून दाखवा संध्याकाळी, मग अक्कल शिकवा.

पामबीचवाला: धागा पासवर्डचा आहे हो!! काकू, तुमची वही जिंकली.

तलावपाळीची काकू: वही घरात राहते म्हणून. चोर आला तर डाळीचे भाव वाचेल.

ऐरोलीकर: चॅटवर फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवायचा, म्हणजे तो दाबला जात नाही, एवढं लिहायचं राहिलं, तेवढी चूक कबूल. झालं समाधान? आता ते पायपुसणं मागे घ्या.

पामबीचवाला: घेतलं. कुंडीखाली म्हणतो.