पब भाडेकरूंसाठी २१ दिवसांची मुदत

‘कायदा असूनही पबचालक का नाडले जातात?’ हा प्रश्न रास्त आहे. इंग्लंड-वेल्समध्ये २०१६ पासून पब्ज कोड (कंपनीचा पब भाड्याने चालवणाऱ्यांसाठीचा कायदा) आहे, पण ५०० किंवा जास्त ‘टाइड’ पब, म्हणजे मालक कंपनीकडूनच बिअर घ्यायची सक्ती असलेले पब, ज्यांच्याकडे आहेत अशा कंपन्यांपुरताच. ही सक्ती सोडून नुसतं बाजारभावाने भाडं भरण्याचा पर्याय त्यात आहे. मात्र भाड्याचा फेरआढावा, कराराचं नूतनीकरण असा प्रसंग आल्यावर २१ दिवसांत नोटीस दिली नाही, तर ती संधी हुकते. रात्री उशिरापर्यंत गल्ल्यावर उभ्या असलेल्या माणसाला हे कोण सांगणार? कंपनीच्या पत्रातच शेवटची तारीख ठळक छापायला लावा! आणि भाडं, दुरुस्ती यांवरच्या चर्चेची टिपणं १४ दिवसांत देणं कंपनीवर बंधनकारक आहे. ती प्रत्येकाने हट्टाने मागावीत. प्रकरण लवादात गेलं तर तीच कामी येतात.