टायलिंग विंडो मॅनेजर: एकदा बसवा, मग कॉन्फिगला हात लावू नका

पेठेतला_पेंग्विन
माझं मत टाकतो, पटलं नाही तर बिनधास्त बोला. लिनक्सवरचा टायलिंग विंडो मॅनेजर (खिडक्या एकमेकींवर न चढवता आपोआप शेजारी शेजारी बसवणारा प्रोग्राम) चांगलीच गोष्ट आहे, बदनाम केलंय ते त्याच्या नादी लागलेल्यांनी. कुठलाही व्हिडिओ लावा, पारदर्शक टर्मिनल, मागे जपानी वॉलपेपर, वर रंगीबेरंगी बार, आणि टर्मिनलमध्ये चालू काय तर निओफेच, म्हणजे कॉम्प्युटरची माहिती लोगोसकट मिरवणारा प्रोग्राम. अरे काम कुठंय?

मी आयथ्री (i3) हा टायलिंग विंडो मॅनेजर वापरतो. मायकेल स्टापेलबर्गने २००९ मध्ये सुरू केलेलं, एक साधी टेक्स्ट फाइल, म्हणजे कॉन्फिग, त्यातच सगळी सेटिंग. पहिल्यांदा लॉगिन केलं की मॉड की (सगळ्या शॉर्टकटची मुख्य की) म्हणून ऑल्ट हवी का विंडोजची एवढंच विचारतं (विंडोजची घ्या, ऑल्ट घेतली की एडिटर नि ब्राउझरच्या शॉर्टकटशी रोज मारामारी). मॉड-एंटरला टर्मिनल, मॉड-डीला डीमेन्यू (नाव टाइप करून प्रोग्राम उघडायचा मेनू), मॉड-शिफ्ट-क्यूने खिडकी बंद. वर्कस्पेस (आभासी डेस्कटॉप) १ वर ब्राउझर, २ वर एडिटर, ९ वर मेल हे कॉन्फिगमध्ये असाइन करून टाकलं, आता डोकं विचार करायच्या आधी हात मॉड-२ वर जातो. ऑल्ट-टॅब मारत "कुठं गेली ती विंडो" हे बंद झालं, खरा फायदा हा. चौकोन शेजारी शेजारी लावायचं कौतुक मला नाही, बहुतेक वेळा मॉड-डब्ल्यू मारून टॅबच करतो आणि एकच खिडकी स्क्रीनभर ठेवतो.

उंटावरचा_शहाणा
म्हणजे मालक, तुम्ही टायलिंग वापरतच नाही! एकच खिडकी स्क्रीनभर, याला आमच्याकडे मॅक्सिमाइझ म्हणतात, त्याला बटण असतं. टाइल हव्याच असतील तर केडीई प्लाझ्मात (सगळं तयार मिळणारा लिनक्स डेस्कटॉप) ५.२७ पासून मेटा-टी दाबा आणि पाहिजे तसे भाग पाडा.

आणि कॉन्फिगला हात लावू नका म्हणताय ते ठीक, पण तिथवर पोचायला काय काय लागतं ते का नाही सांगत? ब्राइटनेसची बटणं चालत नाहीत, बसवा ब्राइटनेसकंट्रोल. नोटिफिकेशनला डन्स्ट, लॉकला आयथ्रीलॉक, वायफायला एनएम-ॲपलेट. पॉलकिट एजंट (ॲडमिनची परवानगी मागणारा प्रोग्राम) सुरू करायचा राहिला तर पासवर्ड विचारणारी खिडकीच येत नाही, प्रोग्राम नुसता गप्प बसतो आणि आपण बसतो गूगल करत. पंगत मांडलेली असताना शिधा आणून वेगळी चूल पेटवायचा प्रकार आहे हा. वर मीटिंगमध्ये एचडीएमआय लावली की सगळ्यांसमोर एक्सरँडर (स्क्रीनची मांडणी बदलायची कमांड) टाइप करा.

पेठेतला_पेंग्विन
प्रोजेक्टरचं उत्तर ऑटोरँडर. मांडणी एकदा नावाने सेव्ह केली की केबल लावल्यावर आपोआप लागते. बाकीची यादी खरी आहे, पण ती एकदाच करायची असते.

सी_मायनर
कॉन्फिगला हात लागू नये असं वाटत असेल तर डीडब्ल्यूएम (dwm, आणखी एक टायलिंग विंडो मॅनेजर) घ्या 😄 एक रंग बदलायचा तरी कॉन्फिग डॉट एच ही सोर्सची फाइल उघडा, सी भाषेतला कोड परत कंपाइल करा, परत लॉगिन करा. माणूस कंटाळून कामालाच लागतो. सोर्स २००० ओळींच्या वर जाऊ द्यायचा नाही असं डीडब्ल्यूएम बनवणाऱ्यांनी ठरवलेलंच आहे. फक्त जावाची ॲप असतील तर सांभाळून, टॅक्सचं काहीतरी भरताना डिजिटल सिग्नेचरचं युटिलिटी उघडलं तर नुसता राखाडी डबा. जावाचं नॉनरीपेरेंटिंग नावाचं एक सेटिंग (एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल) १ केलं तेव्हा आतली बटणं दिसली. हे कुठल्या सीएला समजावणार?

शाईपेन
मला मूळ मुद्दाच पटला नाही. हात लावू नका म्हणता, पण खालची जमीन हलतेय त्याचं काय? आयथ्री एक्स११ वर (लिनक्समध्ये स्क्रीनवर खिडक्या दाखवणारी जुनी यंत्रणा) चालतं, आणि उबुंटूने २५.१० मध्ये ग्नोम या त्यांच्या डेस्कटॉपचं एक्स११ सेशन काढूनच टाकलं. आज ना उद्या वेलँडवर, म्हणजे त्याच्या जागी आलेल्या नव्या यंत्रणेवर, जावं लागणारच. मी गेले, स्वे (आयथ्रीसारखंच, पण वेलँडवरचं) घेतलं. आयथ्रीची कॉन्फिग जवळजवळ तशीच चालते हे खरं, पण एक्सरँडर आणि कीबोर्ड लेआउटच्या ओळी नव्याने लिहाव्या लागतात.

त्यात मी दिवसभर मराठी टाइप करते, इनस्क्रिप्ट या देवनागरी कीबोर्ड लेआउटने. लेआउट देवनागरीवर असला की मॉड-डी दाबून काही म्हणजे काही होईना, कारण इनस्क्रिप्टमध्ये त्या कीवर हलन्त आहे, स्वेच्या हिशोबाने डी दाबलाच गेला नाही. कॉन्फिगमध्ये प्रत्येक शॉर्टकटच्या ओळीत बाइंडसिम या शब्दापुढे टू-कोड असा पर्याय लावावा लागतो, मग अक्षर न बघता कीची जागा बघतं. हे मॅन पेजमध्ये (प्रोग्रामसोबतच्या माहितीपानात) एका ओळीत आहे, आणि व्हिडिओवाल्यांना माहीत असायचं कारणच नाही, त्यांना दुसरी लिपी टाइप करायची नसते. प्लाझ्मात मला यातलं काही करावं लागलं नव्हतं, दोन क्लिकमध्ये मराठी आलं होतं.

उंटावरचा_शहाणा
शाईपेनताई, हेच! आणि इतिहास बघा ना, १९८५ च्या विंडोज १.० मध्ये खिडक्या एकमेकींवर चढायच्याच नाहीत, शेजारी शेजारी बसायच्या. १९८७ मध्ये २.० आलं, त्यात चढायला लागल्या आणि लोक खूश. चाळीस वर्षांपूर्वी टाकून दिलेली गोष्ट तुम्ही नवी म्हणून विकताय.

पेठेतला_पेंग्विन
तेव्हाच्या स्क्रीनवर दोन खिडक्या शेजारी ठेवल्या तर वाचायला उरायचं काय? आणि मॅक्सिमाइझचं म्हणाल तर दोन मॉनिटर लावून बघा. आयथ्रीत प्रत्येक मॉनिटरला स्वतःचं वर्कस्पेस असतं, डावीकडे डॉक्युमेंटेशन तसंच ठेवून उजवीकडचं २ चं ३ करता येतं, उलटही करता येतं. ग्नोममध्ये मूळ सेटिंगला फक्त मुख्य मॉनिटरचं वर्कस्पेस बदलतं, दुसऱ्यावर जे आहे ते तिथेच चिकटलेलं.

शाईपेन यांचा लिपीचा मुद्दा मात्र बिनतोड आहे, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही, मी मराठी फोनवरूनच टाइप करतो.

शाईपेन
तरीच.

उंटावरचा_शहाणा
दोन मॉनिटर?? इथे १४ इंची लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलोय, त्यातही शेजारी चहाचा कप. तुमचं चालू द्या.