पॅनिक अटॅकवर उपचार म्हणजे प्रत्यक्षात काय करतात?

उपचार जवळून माहीत असणाऱ्यांनी लिहावं: काय देतात, कसं करून घेतात, गाडी कुठे अडते.

मनोविकारतज्ज्ञ, नाशिक
छातीत पहिल्यांदाच दुखलं असेल तर आधी ईसीजी. 'टेन्शनच असेल' असं घरी ठरवू नका. सोबत थायरॉइड, हिमोग्लोबिन, साखर तपासतो. निदान पक्कं झालं की बहुधा एसएसआरआय गटातलं (मेंदूतल्या सेरोटोनिनवर काम करणारं, नैराश्य आणि घबराटीवरचं) औषध. एस्सिटालोप्रॅम असेल तर ५ मिग्रॅने सुरुवात, आठवड्याने १०. नीट गुण यायला ४ ते ६ आठवडे लागतात. पहिल्या दहा-पंधरा दिवसांत मळमळ होते, झोप मोडते, धडधड उलट वाढल्यासारखी वाटते. बरेच जण इथेच 'सोसत नाही' म्हणून गोळी सोडतात. हे आम्ही आधीच सांगायला हवं. बरं वाटल्यावरही ६ ते १२ महिने गोळी चालू ठेवून मग हळूहळू उतरवायची.

फार्मासिस्ट, सांगली
अल्प्राझोलाम, म्हणजे घबराट लगेच शमवणारी गोळी, शेड्यूल एच१ मध्ये (कडक नियंत्रणातल्या औषधांच्या सरकारी यादीत) आहे. चिठ्ठी लागतेच, शिवाय नोंदवही ३ वर्षं जपावी लागते. अशा शामक (बेन्झोडायझेपिन गटातल्या) गोळ्या सुरुवातीच्या दोन-चार आठवड्यांपुरत्या ठीक. जुनीच चिठ्ठी महिनोन्‌महिने फिरवली की सवय लागते. मग एकदम बंद केल्यास घबराट दुप्पट उसळते, क्वचित फिटही येते. दारूबरोबर तर मुळीच नकोत.

क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, ठाणे
सीबीटी (विचार आणि वागणं बदलायला शिकवणारी उपचारपद्धती) म्हणजे नुसत्या गप्पा नव्हेत. साधारण १२ सत्रं, आणि घरचा अभ्यास. गाभा एवढाच, की धडधडीची भीती जायला हवी. म्हणून ती लक्षणं आम्ही मुद्दाम आणवतो: मिनिटभर फिरत्या खुर्चीत गिरक्या, जागच्या जागी पळणं, नाक धरून बारीक स्ट्रॉमधून श्वास. दर वेळी भीतीला ० ते १० गुण द्यायचे आणि आकडा उतरेपर्यंत तेच पुन्हा. हृदयविकार, दमा, फिट्स किंवा गरोदरपण असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करायचं नाही.

मग बाहेर. लोकलची धास्ती असेल तर आधी गर्दी नसताना फलाटावर उभं राहायचं, नंतर स्लो गाडीने दादर ते माटुंगा, शेवटी फास्ट. फसतं ते बहुतेकदा खिशातल्या गोळीमुळे आणि हातातल्या पाण्याच्या बाटलीमुळे. 'तिच्यामुळे वाचलो' असं मन धरून बसतं, मग भीती जागची हलत नाही. प्रत्येक पायरीवर आधाराची एकेक वस्तू घरी ठेवायला लावते.

परिचारिका, कोल्हापूर
अटॅक साधारण १० मिनिटांत टोक गाठतो आणि ओसरतो. सोबतच्याने 'घाबरू नकोस' म्हणत बसू नये. शांतपणे मोजावं: चार आकडे श्वास आत, सहा बाहेर. भराभर श्वासाने रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, म्हणून बोटांना मुंग्या येतात. कागदी पिशवी तोंडाला लावू नका; त्रास हृदयाचा किंवा दम्याचा निघाला तर जिवावर बेतेल. जवळ डॉक्टर नसेल तर टेलिमानस, म्हणजे मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन: १४४१६. फुकट आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं.